बिरड्यातला जवळा

माझ्या आत्याने वर्षभर मासळी तोंडात घालायची नाही असं ठरवलं होतं. ते वर्ष पुरं व्हायला एक दिवस उरला असताना खोपोलीच्या एका खानावळीत मी ती तिच्या पोटात जाऊ दिली. मला माहीत होतं. तिला नव्हतं.

आत्या उरणच्या बाजारात मासळी विकते. मोऱ्याच्या धक्क्यावर पहाटे होड्या लागतात, तिथून पाटी भरून ती बाजारात बसते आणि दुपारपर्यंत कोलंबी, बोंबील, मांदेली विकते. सुरमईचे तुकडे करते, गिऱ्हाईकाशी भांडते, वर दोन बोंबील घालते आणि पुन्हा भांडते. अशी बाई वर्षभर मासळीला फक्त हात लावत होती. घरी येऊन हात तीन वेळा साबणाने धुवायची आणि चटणीशी भाकरी खायची.

कारण तिचा नवरा. त्याला आमच्याकडे मामा म्हणतात. मामाची स्वतःची लहान होडी आहे. माणूस गमतीदार, गाणारा, पण संध्याकाळी सहाच्या पुढे त्याच्याशी बोलण्यात अर्थ नसायचा. दारू सोडवायचे सगळे उपाय झाले होते. मागल्या चैत्रात पालखी घेऊन सगळे कार्ल्याला एकवीरेच्या डोंगरावर गेले असताना आत्या तिथे पायरीवर बसून रडली. मामा आदल्या रात्रीची उतरवत तिच्या शेजारी बसला होता. चारचौघांसमोर बायको रडते म्हणून चिडून तो म्हणाला, "तू म्हावरा सोर, मंग मी दारू सोरतो."

तो टोमणा होता. कोळणीला मासळी सोड म्हणणं म्हणजे नदीला वाहू नको म्हणणं. भोवतीचे हसले सुद्धा.

आत्या म्हणाली, "सोरला."

आणि पायरीवर हात ठेवला. मामाचा हात धरून तोही ठेवला. पुढल्या पालखीपर्यंत, एक वर्ष.

तेव्हापासून त्यांच्या घरी रोज संध्याकाळी एक प्रश्न विचारला जायचा. मामा होडीवरून आला की दारातच विचारायचा, "राखलंस?" आत्या म्हणायची, "राखलं. तुमी?" तो म्हणायचा, "राखलं." बस. मी त्यांच्याकडे दोन-तीनदा राहिले तेव्हा हे ऐकलं आणि मनातल्या मनात हसले होते. मला वाटलं, चांगली दोन मोठी माणसं आहेत आणि देवीला घाबरून एकमेकांची हजेरी घेताहेत.

असं वाटायला मी काही आकाशातून पडले नव्हते. माझा बाप, म्हणजे आत्याचा सख्खा भाऊ, बेलापूरच्या एका सरकारी कचेरीत शिपाई होता आणि संध्याकाळी पत्रकं लिहायचा. खाडी बुजवली जाते म्हणून, मासळी मरते म्हणून, खारफुटी तोडली म्हणून, बुवाबाजी वाढली म्हणून. आमच्या घरात गोष्टींची पुस्तकं नव्हती, पत्रकांचे गठ्ठे होते. मी अक्षरं त्यांच्यावर शिकले. सहा-सात वर्षांची असताना मी त्यांची घडी घालायचे, बाबा मला वाचून दाखवायला लावायचे, आणि ‘अंधश्रद्धा’ हा शब्द मी ‘आंबा’च्या आधी न अडखळता म्हणायला लागले असं आई अजून चिडवते. पुढे मीही पत्रकं लिहिली, मग लेख लिहू लागले. एका वकिलाच्या ऑफिसात टायपिंग करते आणि उरलेल्या वेळात लिहिते.

यंदा आत्याचे गुडघे सुजले होते. मामा पालखीबरोबर चालणार नव्हता. त्याचं कारण त्याने कुणाला सांगितलं नाही, पण आत्याला ठाऊक होतं: पालखीत रात्री मुक्कामाला पुरुषांच्या घोळक्यात बाटल्या निघतात. त्याला स्वतःवर तेवढा विश्वास नव्हता. म्हणून बाबा मला म्हणाले, "तू जा आत्याबरोबर. तिला एकटी सोडू नको."

मी गेले. खरं सांगायचं तर आत्यासाठी अर्धीच गेले. अर्धी एका मासिकात लेख लिहायला गेले. डीजे, रस्त्यावर पडणारा प्लास्टिकचा कचरा, देवीच्या नावाने चालणारी पिणी, बायकांना पालखीला खांदा देऊ न देणं. लेखाचा पहिला परिच्छेद मी उरण सोडायच्या आधीच लिहून ठेवला होता.

चालणं मला वाटलं होतं त्यापेक्षा कठीण होतं. बंदराकडून येणारे आणि कळंबोलीच्या लोखंड बाजाराकडे जाणारे ट्रेलर अंगावरून गेल्यासारखे जात. आम्ही रस्त्याच्या कडेने एका ओळीत, पुढे पालखी, मागे बायका, सगळ्यात मागे आत्या आणि मी. पहिल्याच दिवशी धुळीने आत्याला सर्दी झाली. दुसऱ्या दिवशी तिचं नाक पूर्ण बंद. बाम चोळला, वाफ घेतली, काही नाही.

"आते, बामाचा वास तरी येतोय का?"

"कसला वास? मना आता घाम आन गुलाब सारखाच."

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही खोपोलीला पोचलो तेव्हा आमच्या मंडळाचा जेवणाचा टेम्पो पुढे घाटाच्या तोंडाशी निघून गेला होता. आत्या सकाळपासून एक केळं आणि चहावर होती. एसटी स्टँडजवळ ती थांबली, विजेच्या खांबाला हात लावला आणि म्हणाली, "जरा फिरल्यासारखा वाटते." तिच्या कपाळावर घाम होता आणि हात गार होते.

समोर पत्र्याची एक खानावळ होती. चार बाकडी, एक बाई, मागे चूल. चालणारे लोक तिथे थांबतात हे बाहेरच्या चपलांवरून कळत होतं. मी आत्याला बाकड्यावर बसवलं, पाणी दिलं, आणि खानावळवाल्या बाईला म्हटलं, "शाकाहारी काय आहे?"

ती पन्नाशीची, पदर खोचलेली, बोलायला मोकळी. "तांदलाची भाकरी हाय, वालाचं बिरडं हाय, भात हाय. कोंबडी पायजे तर थांबावं लागंल."

"कोंबडी नको. आत्याचा नवस आहे. बिरडं चालेल."

"बस मंग, आनते."

मी हात धुवायला मागच्या बाजूला गेले. बाई चुलीशी बसून पातेलं हलवत होती. शेजारच्या डब्यातून तिने मूठभर काहीतरी लालसर भुकटी घेतली आणि बिरड्यात टाकली. वास आला. आमच्या घरात लहानपणापासून ओळखीचा वास.

"हे काय?"

"जवला. भाजून कुटलेला. त्याबिगर बिरड्याला काय मजा?"

"पण मी शाकाहारी म्हटलं ना."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी पाणी ओलं का असतं असं विचारलं असावं. "मंग शाकाहारीच हाय की. जवला काय मासली हाय? त्याला काटा तरी हाय का?" आणि हसली. नंतर तिला आत्या आठवली असावी. "नवस हाय बोलतेस ना? ऱ्हाऊ दे मंग. पिठलं टाकते. पाच मिन्टं."

पाच मिनिटं म्हणाली ती. मी हा तपशील मुद्दाम लिहिते, कारण नंतर मी स्वतःला जी जी कारणं दिली त्यात तो कुठे बसत नाही. आत्याला चक्कर येत होती, खरं आहे. हात गार होते, खरं आहे. पण पाच मिनिटांत तिला काही झालं नसतं. ती बाकड्यावर बसून पाणी पीत होती, आणि शेजारच्या बाईला स्वतःच्या गुडघ्याचं सांगतही होती. एवढं बोलणारी बाई पाच मिनिटं थांबली असती.

मी म्हणाले, "राहू दे. हेच द्या."

मला त्या क्षणी काय वाटलं ते मला नेमकं आठवतं. दया वाटली नव्हती. जिंकल्यासारखं वाटलं होतं. वर्षभर मासळी न खाल्ल्याने कोणाची दारू सुटत नाही, आणि मूठभर जवळ्याने कोणावर देवी कोपत नाही. हे मी पत्रकात दहा वेळा लिहिलं असेल. आता ते माझ्यासमोर, एका ताटात, सिद्ध होणार होतं. आत्या खाईल, काही होणार नाही, आणि कधीतरी, खूप वर्षांनी, मी तिला हसत हसत सांगेन. तीही हसेल. असंच मी ठरवलं होतं.

आत्याने तीन भाकऱ्या खाल्ल्या. नाकातून पाणी वाहत होतं, ती पदराने पुसत होती आणि खात होती. तिच्या गालांवर रंग आला. वाटी परत भरून मागितली. "चव काय कलत नाय मना, पन पोटात बरा वाटतंय," ती म्हणाली. "तीन दिसांत पयल्यांदा जेवले." मग खानावळवाल्या बाईला ओरडून, "बाय, हात हाय तुजा! काय घातलंस गं यात?"

बाई चुलीजवळून उठली. पदराला हात पुसत हसत आली. मला माहीत होतं ती काय सांगणार.

"मसाला," मी मध्येच म्हणाले. "घरचा मसाला आहे त्यांचा. आते, चल, मंडळी पुढे गेली."

बाई माझ्याकडे बघत राहिली. मग ती हळूच आत गेली आणि वर्तमानपत्राची एक पुडी घेऊन आली. मला वाटतं तिने असं धरलं असेल की जवळा नवसात चालतो, म्हणूनच मी ‘हेच द्या’ म्हणाले. तिने पुडी आत्याच्या हातात दिली. "घे. माजं कूट हाय. घरी बिरड्यात घाल. पैसं नको."

आत्याने ती पिशवीत ठेवली, बाईच्या दंडाला हात लावला आणि आम्ही निघालो.

घाट चढताना आत्या चक्क गुणगुणत होती. मीही हलकी होते. मनात लेखाची वाक्यं जुळवत होते.

संध्याकाळी खंडाळ्यात मुक्काम होता. एका शाळेच्या पडवीत बायका पाय चेपत बसल्या होत्या. आत्याचा फोन वाजला. तिला तो कानाला धरून बोलता येत नाही, स्पीकरवरच बोलते.

"राखलंस?" मामाचा आवाज पडवीभर.

"राखलं. तुमी?"

"राखलं गो. पन आज लय वाईट दिस व्हता." मागे समुद्राचा आवाज होता, तो धक्क्यावरच असावा. "धाकल्या भावाच्या होडीला नवीन इंजान बसवला. पार्टी. सगले बसलेले. मना बोलले, एक घे, उद्या वरीस संपतंच हाय, एका दिसानं काय व्हतं? मी बोललो, माजी बायको अख्खा वरीस म्हावऱ्याच्या पाटीपाशी बसून राखते, दिसभर वास घेते, आन मी एक दिस नाय राखनार? उठलो आन निंगालो."

आत्या हसली. "मंग काय बोलले?"

"काय बोलनार? बायकोला भितोस बोलले. भितो बोललो."

बाकीच्या बायकाही हसल्या. एक म्हणाली, "आता उद्या काय मागनार नवऱ्याकडं?" आत्या म्हणाली, "मोठ्ठा पापलेट. आन तोच तलनार."

मी हसले नाही. ह्या दोघांच्या मध्ये देवी असेलही, पण मामाला त्या पार्टीतून उठवलं ते देवीने नव्हे. त्याच्या डोळ्यांसमोर बाजारात पाटीशेजारी बसलेली आत्या होती. तिने राखलंय या एका खात्रीवर तो उठून आला होता. आणि ती खात्री त्याच दुपारी मी पोकळ केली होती. आत्या फोनवर खोटं बोलली. आयुष्यात बहुधा पहिल्यांदा ती त्याच्याशी खोटं बोलली आणि तिला ते माहीतच नव्हतं. ते खोटं माझं होतं, तिच्या तोंडून गेलं होतं.

बाबांच्या प्रत्येक पत्रकात एक ओळ असायचीच. आमच्याबद्दलचा निर्णय आम्हाला विचारल्याशिवाय घेऊ नका. ती ओळ मी लहानपणी इतक्या वेळा मोठ्याने वाचली होती की ती कुणाला उद्देशून आहे याबद्दल मला कधी शंकाच आली नाही. साहेबांना, बिल्डरला, मंत्र्याला. आत्याच्या जेवणाबद्दल मी तो निर्णय घेतला तेव्हा मला ती आठवलीही नव्हती. माझ्या डोक्यात मी बरोबर होते, म्हणून विचारायची गरज नव्हती. त्या सगळ्यांच्या डोक्यातही हेच असणार.

त्या संध्याकाळी मी तिला सांगायला हवं होतं. ती माझ्या शेजारीच पाय पसरून बसली होती. मी तिच्या गुडघ्यांना तेल लावत राहिले.

सकाळी खंडाळ्याची गार हवा. लोणावळ्याच्या अलीकडे चहाला थांबलो तेव्हा आत्याने दोन शिंका दिल्या आणि म्हणाली, "सुटला गो नाक!" ती खूश झाली. चहाचा वास घेतला, आल्याचा वास घेतला, माझ्या केसांचा वास घेऊन "शी" म्हणाली. मग टॉवेल काढायला तिने पिशवी उघडली आणि थांबली.

उरणच्या बाजारात मासळी विकणाऱ्या बाईला जवळा ओळखायला पुडी उघडावी लागत नाही. तरीही तिने ती उघडली. बोटाच्या टोकावर थोडी भुकटी घेऊन नाकाशी नेली. तोंडाशी नाही.

"ह्येच व्हता बिरड्यात?"

मी हातातल्या चहाच्या कपाकडे बघत होते. "हो."

"तुना म्हायत व्हता?"

‘नाही’ तोंडात तयार होतं. आत्याने ते मानलं असतं, तिने खानावळवालीला दोष दिला असता, आणि मी मोकळी झाले असते. पण ती माझ्या तोंडाकडे बघत होती. "हो," मी म्हणाले. आणि लगेच पुढे, भराभर, "तुला चक्कर येत होती आते, आणि जवळा म्हणजे काय, तिथे सगळे टाकतात, ती बाई तर म्हणाली ती मासळीच नाही…"

"दुसरा काय नव्हता तिच्यापाशी?"

मी कप खाली ठेवला.

"इचारते. दुसरा काय नव्हता?"

"पिठलं करते म्हणाली होती."

"मंग?"

आत्याने पुडीची घडी नीट घातली. चहा संपवला. तिने आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं वाटलं असतं. आमच्या घरात चढ्या आवाजाशी भांडायला मी लहानपणापासून शिकले आहे.

"पोरी," ती म्हणाली, "तुजा देव नाय, ठीक हाय. तुज्या बापाचा पन नाय. मी कदी बोलले? पन ह्यो माजा व्हता. मी राखलेला. तू मना इचारायचा व्हतंस."

मग तिने फोन काढला. मी म्हणाले, "आते, संध्याकाळी सांग ना. किंवा मी सांगते." ती ऐकत नव्हती. स्पीकरवर रिंग वाजली.

"आयकताव का. माजा मोरला."

"काय मोरला?"

"राखन. काल खाल्ला. बिरड्यात जवला व्हता, मना कलला नाय. काल तुमाला खोटा बोलले."

मी फोनपासून हातभर अंतरावर होते. ‘मामा, मी दिलं, तिला माहीत नव्हतं’ एवढंच म्हणायचं होतं. तोंड उघडलं नाही.

मामा म्हणाला, "मंग माजा पन संपला?" आवाजात गंमत होती की काय, मला कळलं नाही. आत्यालाही कळलं नसावं.

"तुमचा तुमी बगा. मी आजपास्नं परत धरते."

फोन बंद झाला. त्याने केला.

कार्ल्याला पोचेपर्यंत आत्या माझ्याशी बोलत होती, पण ‘पाणी दे’ आणि ‘बॅग धर’ एवढंच. डोंगर चढताना मी तिचा हात धरायला गेले तर तिने कठडा धरला. वर गर्दी, गुलाल, ढोल, उदो उदो. मागल्या वर्षीच्या त्याच पायरीवर ती वाकली, हात ठेवला, काहीतरी पुटपुटली. माझ्यामुळे तिला ते अख्खं वर्ष पुन्हा पहिल्यापासून धरावं लागत होतं.

खाली उतरल्यावर मंडळाचं जेवण होतं. नैवेद्याचं मटण, आणि मुद्दाम उरणहून बर्फात आणलेली मासळी. आत्याने वरण-भात घेतला. काल पडवीत विचारणारी बाई ओरडली, "काय गो, आज सुटलीस ना? पापलेट कुठाय तुजा?"

"नाय सुटले. वरीस वाढला."

"कनाला?"

"माजा मी वाढवला," आत्या म्हणाली. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही. माझं नाव तिने त्या दिवशी कोणाला सांगितलं नाही. बाबांनाही सांगितलं नाही, ते मला नंतर कळलं.

संध्याकाळी मामाचा फोन आला नाही. तिने लावला तर उचलला नाही. तिसऱ्यांदा लावून तिने फोन पिशवीत टाकला आणि म्हणाली, "प्यायला."

तो प्यायला होता. त्या दिवशी आणि पुढचे चार दिवस. माझ्या ओळखीतल्या शहाण्या लोकांनी मला नंतर सांगितलं की व्यसनी माणूस निमित्त शोधतच असतो, हे नाही तर दुसरं मिळालं असतं. असेल. मीही तसं पत्रक लिहू शकते, व्यसन हा आजार आहे असं मथळ्यात घालून. पण वर्षभर त्याला निमित्तं मिळतच होती आणि तो रोज धक्क्यावरून उठून घरी येत होता.

माझा लेख छापून आला. लोकांनी कौतुक केलं. त्यात मी डीजेला धरलं, प्लास्टिकला धरलं, पालखीतल्या बाटल्यांना धरलं. मुक्कामांच्या ठिकाणी मिळणाऱ्या जेवणाबद्दल मी लिहिलं होतं, ‘वाटेतल्या खानावळींत कोकणी चवीचं साधं, रुचकर जेवण मिळतं.’ ते वाक्य मी तीनदा वाचलं आणि तसंच ठेवलं. पत्रकं लिहिणाऱ्या घरातली मुलगी खोटं न लिहिता किती खोटं लिहू शकते, ते मला त्या दिवशी कळलं.

पाचव्या दिवशी मामा पुन्हा थांबला. आत्याने काय केलं, काय म्हणाली, मला माहीत नाही. मी जूनमध्ये त्यांच्याकडे गेले. मामा जाळं विणत दारात बसला होता. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं, की खोपोलीत मला ठाऊक होतं, पिठलं होऊ शकत होतं, आणि मी मुद्दाम खाऊ दिलं.

तो सुईतून दोरा ओढत राहिला. "म्हायत हाय."

"आतेने सांगितलं?"

"ती नाय सांगत. ती बिरड्याचा बोलली तवाच कलला. तू तिच्याबरोबर व्हतीस, आन तू कदी गप नाय बसत. त्या दिशी गप व्हतीस." मग तो मान न उचलता म्हणाला, "तिनं जवला खाल्ला, पन समजून नाय, मंग तिचा काय मोरला? माजा मोरला, कारन मी समजून प्यायलो. ते तिला कलत नाय. तिला बोललो तर बोलते, मोरला तो मोरला."

मी म्हणाले, "मामा, माझी चूक होती."

"व्हती," तो म्हणाला. त्याने मला सूट दिली नाही. "जा, आत बस."

आत आत्या चुलीपुढे होती. मी तिला म्हणाले की मीही वर्षभर मासळी सोडते. तिच्याबरोबर. हे मी बसमध्ये ठरवून आले होते आणि मला ते फार योग्य वाटलं होतं.

आत्या हसली. त्या चैत्रानंतर पहिल्यांदा माझ्यासमोर हसली. "कनाला? तुना कोन इचारला?" तिने पाटीतले बोंबील उचलले. सकाळचेच, ताजे. "बस. तुज्यासाटीच ठेवले."

मी नको म्हणाले. तिने ऐकलं नाही. तिने त्यांना मीठ-मसाला लावला, रवा लावला, तव्यावर टाकले. घरभर वास भरला. ती तव्याजवळ बसून उलटत होती, तोंड थोडं बाजूला वळवून. मला ते बघवत नव्हतं. हे दुसरं वर्ष तिला माझ्यामुळे आलं होतं. त्यात जे बोंबील तिला खाता येणार नव्हते, ते ती माझ्यासाठी तळत होती.

तिने ताट पुढे केलं. मामा दारातून म्हणाला, "खा गो, खा. तिला कोनासाटी तरी तलायला पायजे."

मी पहिला तुकडा तोंडात टाकला. आत्या माझ्याकडे बघत होती, हातात उलथनं तसंच.

"मीठ बरोबर हाय?" तिने विचारलं. "मना चाखता येत नाय. खरा सांग."

मी तुकडा गिळला.

"कमी आहे," मी म्हणाले. "थोडं कमी आहे, आते."

तिने मान हलवली आणि पुढच्या बोंबलांवर चिमूटभर मीठ टाकलं.